बोट दोघांची, तर बघणारेही दोघं

शिडाची जुनी बोट घ्यायला जोडपं जातं तेव्हा सगळे प्रश्न नवरा विचारणार आणि बायको एकच विचारणार, असं विकणारे धरूनच चालतात. तो एक प्रश्न म्हणजे, 'गाद्यांचं कापड बदलता येईल का?' गेल्या हिवाळ्यात इथे अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या चेसापीक उपसागराच्या काठी आम्ही अकरा जुन्या बोटी पाहिल्या. त्यातल्या आठ ठिकाणी दलालाने श्रीकांतला इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं आणि मला ओटा दाखवला. ओटे छानच होते हो. पण माझं स्पष्ट म्हणणं आहे की, बोट बघायला गेल्यावर बाईने ओट्यापाशी थांबू नये, सरळ सुकाणूपाशी जाऊन उभं राहावं. आणि जी बोट तिला एकटीला किनाऱ्याला आणता येणार नाही, ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, आणि ही बाई बोटी घ्यायच्या गोष्टी सांगतेय! खरं आहे. पण शिडाची जुनी बोट म्हणजे इथे काही अंबानींच्या घरची गोष्ट नाही. १९६० नंतर इकडे फायबरग्लासच्या बोटी साच्यातून भराभर निघायला लागल्या. लाकूड कुजतं, पत्रा गंजतो, फायबरग्लासचं तसं नाही. त्यामुळे १९७०-८० सालच्या बोटी अजून हजारोंनी तरंगताहेत. कॅटलिना ३० हा एकच नमुना घ्या, तशा सहा हजारांवर बोटी बांधल्या गेल्या. आता त्यांचे मालक म्हातारे झाले, मुलांना बोट नको आहे. मग एखाद्या जुन्या मोटारीच्या किमतीत झोपायला जागा, स्वयंपाकाची सोय आणि संडास असलेली बोट मिळून जाते.

अर्थात घेणं सोपं, पोसणं अवघड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बोटीवरूनच निघाली असावी, असं मला हल्ली वाटतं. धक्क्याचं भाडं, विमा, दरवर्षी तळाला लावायचा रंग, हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून ठेवायचा खर्च. हे सगळं वर्षाला तीन-चार हजार डॉलर सहज खातं, आणि त्यात काही मोडलं तर ते वेगळं. मेरीलँडमध्ये खरेदीच्या किमतीवर पाच टक्के करही भरावा लागतो.

पैसे माझे होते, म्हणजे बहुतांशी. वडिलांच्या पश्चात रत्नागिरीचं घर विकलं तेव्हा आम्हा तिघा भावंडांना सारखे वाटे मिळाले. भावाने एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण उलट घडलेल्या हकिगतीच आपण जास्त ऐकतो. पण आत्या फोनवर म्हणाली, "अगं, माहेरच्या पैशाचा सोन्याचा डाग करावा. पाण्यात काय घालतेस?" तिचं बरोबर होतं. सोनं बुडत नाही, असं नाही, पण निदान त्याला दरवर्षी रंग लावावा लागत नाही. तरीही मला बोट हवी होती. पंचावन्नाव्या वर्षी, पाठ आणि गुडघे शाबूत आहेत तोवर हवी होती. श्रीकांतलाही हवी होती. भांडण झालं ते 'कुठली' यावर.

त्याचं मन बसलं एका एकेचाळीस फुटी बोटीवर. मागत होते एकोणीस हजार डॉलर. एवढ्या मोठ्या बोटीला ही किंमत म्हणजे जवळजवळ फुकट! आत दोन खोल्या, दोन संडास, उभं राहून अंघोळ करता येईल अशी मोरी. मीही हरखले होते. बोट एका सत्तरीतल्या विधवा बाईंची होती. नवरा दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने घरीच गेला, तेव्हापासून बोट धक्क्याला बांधलेली. दलाल श्रीकांतशी बोलत होता, म्हणून मी त्या बाईंना विचारलं, "तुम्ही नाही का नेत कधी?" त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं मी या बोटीवर आहे. मला हिचं इंजिन सुरू करता येत नाही."

बाई अगदी सहज बोलल्या, कसलीही तक्रार नव्हती. बर्म्युडापर्यंत जाऊन आल्या होत्या त्या नवऱ्याबरोबर. चाळीस अंश कललेल्या बोटीत सूप करायच्या, रात्रीचा पहारा करायच्या, लाटा लागून ओकायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. पण ती मोठी शिडं त्यांच्या हाताला कधी आवरली नाहीत, म्हणून नवराच ती आवरायचा. नांगर जड, म्हणून तोच टाकायचा आणि काढायचा. धक्क्याला लावताना बोट कशाला आपटेल सांगता येत नाही, म्हणून सुकाणूही त्याच्याच हातात. बावीस वर्षांत हे असंच चालत राहिलं, कुणी ठरवून केलं नाही. आपल्याकडे बँकेचं, विम्याचं, जमिनीच्या सात-बाराचं जसं चालतं ना, अगदी तसं.

घरी येताना गाडीत मी श्रीकांतला म्हटलं, "ही नको." तो म्हणाला, "बोट कशी आहे ते तरी बघू." मी म्हटलं, "बोट कशीही असू दे. तू पाण्यात पडलास तर मी काय करायचं ते सांग." दोन दिवस आमच्या घरात फारसं कुणी बोललं नाही.

त्याची बाजूही सांगायला हवी. मोठी बोट लाटांत कमी हेलकावते, वेगाने जाते, आत मोकळं वाटतं आणि पावसापाण्यात चार दिवस अडकलं तरी माणसं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. हे सगळं खरं. पण बोटीचं गणित घरासारखं नाही, की एक खोली वाढली म्हणजे एक खोलीच झाडावी लागली. लांबी तीस फुटांची चाळीस झाली की वजन सव्वा-दीडपट होत नाही, दुपटीच्याही वर जातं, कारण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते. शिडाचं कापड वाढतं, त्याला बांधलेल्या दोरीचा ओढा वाढतो. तीस फुटी बोटीचा अकरा-बारा किलोचा नांगर साखळीसकट मी हाताने ओढू शकते, कण्हत-कुंथत का होईना. वीस-बावीस किलोचा मला जमणार नाही. आहे, त्याला विजेवर चालणारं यंत्र मिळतं. पण यंत्र बंद पडायची वेळ नेमकी वाऱ्यापावसाची असते, हे मिक्सर वापरणाऱ्या बाईला सांगायला नको. पाहुणे यायच्या सकाळीच तो जळतो. शिवाय बोटीला ब्रेक नसतो. धक्क्याकडे सरकणारी चार-पाच टनांची बोट दोरीचा वेढा वेळेवर टाकून थांबवता येते. दहा-अकरा टनांची बोट दोरीला ऐकत नाही.

माणूस पाण्यात पडला तर त्याला शोधण्यापेक्षा वर घेणं कठीण. भिजलेल्या कपड्यांतला ऐंशी किलोचा पुरुष, बोटीचा काठ पाण्यापासून तीन-चार फूट वर, आणि वर एकटी बायको! लाइफस्लिंग नावाचं एक साधन इथे पुष्कळ बोटींच्या मागच्या कठड्याला लटकवलेलं दिसतं. लांब तरंगती दोरी आणि टोकाला काखेत घालायचा पट्टा. बोट भोवती फिरवायची, दोरी त्याच्यापर्यंत पोचली की त्याने पट्टा अडकवायचा, आणि मग कप्पीने त्याला वर ओढायचं. बोटीवर दोघंच असलेल्या जोडप्यांसाठीच हे साधन मुळात तयार झालं, म्हणजे ताकदीने कमी असलेल्यालाही दुसऱ्याला वाचवता यावं म्हणून. मग बोट निवडताना तोच विचार पहिला का नको?

तर आम्ही तीस फुटांच्या आतबाहेरच्या बोटी बघायला लागलो. आणि इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. बघायची कशी, हे आपल्याला येतं. नाही कसं? मडकं घेताना आपण टिचकी मारतो, कलिंगड कानाशी धरून थापटतो. बोटीचा वरचा पृष्ठभाग, डेक म्हणतात त्याला, तो बऱ्याच बोटींत आतून पोकळ नसतो. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं सारण असतं, सॅण्डविचसारखं. वर ठोकलेल्या प्रत्येक बोल्टाच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की सारण कुजतं. वरून काही दिसत नाही. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने टकटक करत गेलं की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. पहिल्या बोटीवर मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत निघाले तेव्हा दलाल हसला. चौथ्या ठोक्याला बद्द आवाज आला, तेव्हा हसायचा थांबला.

दुसरं नाक. बोटीचा दरवाजा उघडला की पहिला वास काय येतो तो लक्षात ठेवावा. दलाल आधी जाऊन खिडक्या उघडून ठेवतो, सुगंधी फवारा मारतो, तर त्यालाही तसं करू नका म्हणून आधीच सांगावं. बुरशीचा वास म्हणजे वरून पाणी गळतंय. डिझेलचा वास म्हणजे खाली गळतंय. संडासाचा वास टाकीचा नसून बहुतेक वेळा नळीचा असतो. जुन्या रबरी नळ्यांतून घाण वास बाहेर झिरपतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर घासायचं आणि हुंगायचं. काम किळसवाणं, पण त्या नळ्या बदलायच्या म्हणजे पाचेकशे डॉलर आणि एका माणसाचा अख्खा शनिवार, तेव्हा हुंगलेलं बरं.

इंजिन मात्र मी शिकून घेतलं. एक नियम इथल्या एका मैत्रिणीने सांगितला, तो सोन्यासारखा आहे. बघायला गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवायचा. कोमट लागलं तर मालकाने आधी तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते चालू होत नसणार. अशा वेळी भांडू नये, परत येतो म्हणावं. दुसरं, इंजिन पेट्रोलवर आहे की डिझेलवर. जुन्या बोटींत अ‍ॅटॉमिक फोर नावाचं पेट्रोलचं इंजिन सर्रास असायचं, चाळीस हजारांवर बनली होती ती. चांगलं, शांत इंजिन, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि ठिणगी पडली की संपलं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा लावून हवा बाहेर काढावी लागते, आणि एकदाही विसरून चालत नाही. ती सवय असलेले लोक बिनघोर वापरतात. मला घरातल्या गॅसचीच धास्ती पुरे आहे, मी डिझेलवर अडून बसले.

शेवटी सापडली ती तीस फुटी, १९८५ सालची, डिझेलवाली. तळाखालचा शिशाचा जड पंखा, कील म्हणतात तो, फार खोल नाही. पाण्याखाली जेमतेम चार फूट. चेसापीकला हे महत्त्वाचं, कारण हा उपसागर तीनशे किलोमीटरच्या वर लांब असला तरी सरासरी खोली एकवीस फूटच. खाड्यांत तर कमरेएवढं पाणी. ज्या खाडीत संध्याकाळी नांगर टाकून निळे खेकडे धरायचे, तिथे सहा फूट खोलीची बोट शिरतच नाही. (हे खेकडे आपल्या चिंबोऱ्यांचे भाऊच. इथले लोक त्यांना लाल मसाल्यात वाफवतात. मी सुकं करते. शेजारच्या बोटीवरचे लोक वासाने येतात.)

मागत होते साडेचौदा हजार. आम्ही होकार दिला तो दोन अटी घालून. आमचा तपासनीस बोट तपासणार, आणि आम्ही ती पाण्यात चालवून बघणार. त्यानंतर पसंत नसेल तर बयाण्याचे पैसे परत. अशी अट कागदावर असायलाच हवी. तपासनीस आपला आपण शोधावा, दलालाने सुचवलेला घेऊ नये. दलालाचे पैसे विक्रीच्या किमतीतून निघतात, तेव्हा त्याला मोडता घालणारा माणूस कशाला आवडेल? आमच्या तपासनिसाने फुटामागे पंचवीस डॉलर घेतले, बोट क्रेनने उचलायचे वेगळे. हजार-अकराशे डॉलर गेले एका दिवसात. लोक नेमके इथे हात आखडतात. लग्नाच्या मांडवावर लाख घालतात, पण मुलाची चौकशी करायला परगावी जायचं तिकीट महाग वाटतं, तसंच हे.

त्या दिवशी मी रजा काढून गेले. तपासनीस सत्तरीचा, हातात तीच प्लास्टिकची हातोडी! तो सवयीने श्रीकांतकडे बघून बोलायला लागला. मी म्हटलं, "मलाही सांगा, चेक मी लिहिणार आहे." त्यानंतर त्याने सहा तास मला एखाद्या शिकाऊ मुलासारखं वागवलं. उकिडवं बसवलं, आरसा आणि बॅटरी देऊन कोपऱ्यात डोकं घालायला लावलं. डोलकाठीला आधार देणाऱ्या पोलादी तारा बोटीला जिथे पकडलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून आत जातात, आणि नेमक्या त्या डेकच्या जाडीत, जिथे दिसत नाही तिथे गंजतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ही आपली भांड्यांवरून झालेली समजूत. ओल असेल आणि हवा लागत नसेल, तर तेही आतून चिरत जातं. आमच्या बोटीत एका पट्टीभोवतीचं सारण ओलं निघालं. तारा मूळच्याच होत्या, म्हणजे चाळीस वर्षांच्या, आणि दहा-पंधरा वर्षांत त्या बदलाव्यात असं म्हणतात. तळातली पाणी बंद करायची एक तोटी फिरतच नव्हती. अहवाल सतरा पानांचा आला. तो समोर ठेवून अकरा हजारांत सौदा झाला. उरलेले तारांना लागणार, आणि वर आणखी थोडे.

एवढ्याशा बोटीत कुठे जाणार, असं इथलेही विचारतात. तानिया एबी नावाची न्यूयॉर्कची मुलगी १९८५ साली, अठराव्या वर्षी, सव्वीस फुटी बोट घेऊन निघाली आणि १९८७ मध्ये जगाला फेरी मारून आली. लिन पार्डी आणि तिचा नवरा लॅरी चोवीस फुटांच्या, बिनइंजिनाच्या बोटीत वर्षानुवर्षं फिरले. आणि २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर एकटीने जगाची फेरी करून पहिली आली, ती छत्तीस फुटी बोटीत. त्या शर्यतीत आधुनिक बोट चालतच नाही, जुन्याच घडणीची लागते. दुसरा आला तो आपला अभिलाष टॉमी.

ज्यांना वाटतं, आमच्या गावाला समुद्र नाही, त्यांनी 'तारिणी' आठवावी. गोव्यात बांधलेली छप्पन्न फुटी शिडाची बोट. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा मुली तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्यांची कप्तान वर्तिका जोशी ऋषिकेशची, प्रतिभा जामवाल कुल्लूची. पार डोंगरातल्या! २०२४-२५ मध्ये त्याच बोटीतून दिलना आणि रूपा या दोघीच गेल्या आणि आल्या. छप्पन्न फूट आणि दोघीच, म्हणजे माझा तीस फुटांचा हट्ट खोटा ठरतो, असं श्रीकांत म्हणतो. त्यांनी त्यासाठी तीनएक वर्षं सराव केला, तो त्यांचा पेशा आहे. मी सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्या तपासते. बोट आपल्या सवडीची आणि ताकदीची असावी.

ताबा मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही एक ठरवलं. एक दिवस त्याने चालवायची, एक दिवस मी, आणि माझ्या दिवशी त्याने सल्ला द्यायचा नाही. हे फार जड गेलं त्याला. धक्क्याला लावताना तो अक्षरशः तोंडावर हात ठेवून बसतो. एक जुना उशीचा अभ्रा चिंध्या भरून शिवला, तो पाण्यात टाकायचा, 'श्रीकांत पडला' असं ओरडायचं आणि मी एकटीने जाऊन आणायचा. पहिल्यांदा अभ्रा बुडाला. सहाव्या खेपेला आणला. रेडिओवर सोळा नंबरचा चॅनेल लावून 'मेडे' तीनदा म्हणायचं, बोटीचं नाव आणि आपण कुठे आहोत ते सांगायचं, हे कागदावर मराठीत लिहून रेडिओशेजारी चिकटवलंय. घाबरल्यावर इंग्रजी सुचेलच असं नाही.

सध्या बोट जमिनीवर ठोकळ्यांवर उभी आहे. विमावाल्यांनी कळवलंय की, तारा बदलल्याशिवाय पाण्यात सोडू नका. एप्रिलमध्ये क्रेन येईल, डोलकाठी उतरवतील. ओलं सारण मीच कोरून काढतेय, शनिवारी दोन-दोन तास, तोंडाला फडकं बांधून. कागदांवर दोघांची नावं आहेत, माझं आधी. आत्याला फोटो पाठवला, तर तिने सोन्याचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "संडासाला कडी आतून आहे ना गं?" आहे. पण ती गंजलीय, बदलायच्या यादीत एकोणिसावी.